गाय गायात फसली

मॅडमनी जो प्रोजेक्ट दिला तो एका वाक्यात मावत होता. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं वीस मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा आणि जसं कानाला ऐकू येतं तसं लिहून आणा, सुधारून आणू नका. एमए मराठीचं दुसरं वर्ष मी नोकरी सांभाळून करत होते, भाषाविज्ञानाचा पेपर सगळ्यात कोरडा असणार असं सगळ्यांनी सांगितलेलं, आणि मी पण तीच तयारी ठेवून बसले होते. पण "सुधारून आणू नका" हे ऐकलं आणि माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण माझं अख्खं लहानपण सुधारण्यात गेलंय.

आम्ही मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातले, अकोला जिल्हा. बाबांची बदली झाली आणि मी तिसरी संपवून पुण्यात आले. चौथीत पहिल्याच आठवड्यात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उत्तरात "डोये" म्हणाले. वर्ग हसला. बाई म्हणाल्या डोये नाही बाळा, डोळे, नीट बोल. मग मी घरी आरशासमोर उभं राहून महिनाभर ळ ची प्रॅक्टिस केली, डोळे, पोळी, शाळा, काळा, केळी. जिथे जिथे तोंडात य येतोय तिथे जीभ वळवायची हे मी स्वतःला शिकवलं. आणि एक दिवस प्राण्यांचा धडा चालू असताना मी उभी राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, गाईला चार पाळ असतात. त्या दिवशीचं हसणं मला अजून आठवतं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही. मला भाषाच येत नाही असं तेव्हा डोक्यात बसलं ते फार वर्षं बसून राहिलं.

हे सगळं मी मॅडमना पहिल्या महिन्यात सांगितलं नव्हतं. पहिला महिना आम्ही फक्त तोंड शिकत होतो, म्हणजे खरंच तोंड. तळहात ओठांसमोर धरा आणि ताट म्हणा, मग थाट म्हणा. थाटला हाताला हवेचा झोत लागतो, ताटला जवळपास नाही. मग बोट गळ्यावर ठेवा आणि लांब स् स् स् करा, गळा शांत. म् म् म् करा, गळा थरथरतो. मग काल आणि गाल. क आणि ग ला जीभ एकाच जागी टेकते, फरक फक्त त्या थरथरीचा. आणि मग मॅडमनी फळ्यावर आपला पहिलीतला तक्ताच काढला, क ख ग घ ङ पासून प फ ब भ म पर्यंत, पाच ओळी पाच रकाने. मी तो हजार वेळा घोकलेला, पण वरून खाली येताना आवाजाची जागा घशापासून ओठापर्यंत एकेक पायरी पुढे येते, कंठ, टाळू, मूर्धा म्हणजे ट ला जीभ वळून वर लागते ती जागा, दात, ओठ, आणि डावीकडून उजवीकडे जाताना आधी हवा वाढते, मग गळा थरथरतो, मग दोन्ही, मग नाकातून आवाज, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अडीच हजार वर्षांच्या आसपास मागे कुणीतरी नुसत्या जिभेच्या जाणिवेवर हे मांडून ठेवलंय, हातात कुठलं यंत्र नाही. मी त्या दिवशी बसमध्ये पूर्ण प्रवासभर तोंडातल्या तोंडात क च ट त प करत आले.

मग आला च. मॅडमनी फळ्यावर "चार" लिहिलं आणि वाचा म्हणाल्या. अर्ध्यांनी आकडा वाचला, चार आंबे मधला. अर्ध्यांनी गाईला चार मधला. लिहिलेलं एकच, आवाज दोन. एकात जीभ टाळूला, दुसऱ्यात दाताच्या मागे, थोडी त्स सारखी. तसंच जग, हे विश्व आणि "जग की आता थोडं स्वतःसाठी". जप, माळेवरचा आणि "तब्येतीला जप". एवढा एकच आवाज बदलला आणि अर्थ बदलला, म्हणजे मराठी माणसाच्या डोक्यात हे दोन वेगळे खण आहेत. अशा अर्थ बदलणाऱ्या आवाजाला स्वनिम म्हणतात. लिपीने दोन्हीला एकच अक्षर दिलं म्हणून काही ते एक होत नाहीत.

पण त्याच च ची दुसरी गंमत मला जास्त आवडली. घरचा म्हणा, घरची म्हणा, घरचे म्हणा. घरचा आणि घरचं मध्ये दाताकडचा च, आणि घरची, घरचे, घरच्या म्हटलं की तो लगेच टाळूवर सरकतो. कारण पुढे इ, ए किंवा य आला की जीभ आधीच टाळूकडे निघालेली असते. प्रत्यय तोच, नुसता पुढच्या स्वराप्रमाणे जागा बदलतो, आणि आपल्याला कळतही नाही की आपण हे करतोय. माझाचं माझी होताना झ चं तेच. जन्मभर मी हे बिनचूक करत आलेय आणि मला कुणी शिकवलेलं नाही, आरशासमोर तर नक्कीच नाही. नियम पाळणं आणि नियम माहीत असणं यातला फरक मला तिथे कळायला लागला.

दिवाळीनंतर रजा टाकून गावी गेले. आजी ब्याऐंशीची, लिहिता वाचता येत नाही, कान एकदम चांगले. मोबाईल सतरंजीवर ठेवला, पंखा बंद केला कारण रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर सगळं खाऊन टाकते हे मॅडमनी आधीच सांगितलेलं, आणि आजी म्हणाली,

"काय करून रायली वं हे? माह्यं बोलनं कायले पायजे तुह्या मॅडमले?"

मी सांगितलं अभ्यासाला पाहिजे. मोबाईल चालू झालाय हे कळल्यावर आजी सरळ बसली, पदर नीट घेतला, आणि पुस्तकी बोलायला लागली. आहे, मला, नाही, विहीर. दहा मिनिटं ती माझ्याशी जणू पुण्याहून आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलली आणि मला आतून इतकं वाईट वाटलं, कारण हे मी ओळखत होते, हे माझंच चौथीतलं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी सुद्धा ती यंत्रासमोर स्वतःला सुधारत होती.

याला अभ्यासात नाव आहे, निरीक्षकाचा विरोधाभास. अमेरिकेतला विल्यम लबॉव नावाचा भाषाशास्त्रज्ञ म्हणायचा की आपल्याला माणूस कुणी ऐकत नसताना कसं बोलतो ते हवं असतं आणि ते मिळवायचं तर ऐकावं लागतंच. त्याने यावर काढलेला मार्ग म्हणजे लोकांना विचारायचं, तुम्ही कधी मरता मरता वाचलात का. माणूस त्या आठवणीत शिरला की बोलण्याकडे लक्ष राहत नाही. मी आजीला तेच विचारलं.

आणि आजी सुटली. ती बारा तेरा वर्षांची असेल, उन्हाळा, नाल्यात पाणी आटून नुसता गाळ राहिलेला, आणि त्यांची गाय त्या गाळात रुतली. आजी तिला ढकलायला उतरली आणि स्वतः कमरेपर्यंत गेली. "गाय गायात फसली अन म्या तिच्या मांगं," ती म्हणाली, "अन मंग काई हालताच ये ना, माय, मले वाटलं झालं आता." हात वर करून दाखवत होती कुठपर्यंत गेली ते. माझी आत्या दारात येऊन उभी राहिली, शेजारची एक बाई पण, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. गाय कुठली आणि गाळ कुठला यात कुणाचा एक क्षण गोंधळ झाला नाही.

रात्री हेडफोन लावून लिहायला बसले तेव्हा मात्र तिथेच अडकले. गाय गायात फसली. दोन्ही गाय कानाला एकदम सारखे येत होते.

इथे सांगते की लिहून काढणं हे किती वेळखाऊ काम आहे याची मला कल्पनाच नव्हती. एक मिनिटाच्या बोलण्याला मला तासभर लागायचा, सुरुवातीला त्याहून जास्त. कारण आपला कान ऐकत नाही, तो ओळखतो. आजी "इस्तो" म्हणाली की माझा हात विस्तव लिहून मोकळा. आजी "पानी" म्हणतेय आणि मी पाणी लिहिलंय हे मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर दिसलं. मग मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तुकडे करून ऐकायला लागले, शब्द कळूच नये इतके लहान, तेव्हा कुठे आवाज ऐकू यायला लागले. दाताकडच्या च, ज ला खाली टिंब द्यायचं असं ठरवलं होतं, ते सोपं गेलं. शब्दाच्या मधला अ गळतो ते पण ऐकू यायला लागलं, म्हणजे कापड म्हणताना प नंतर अ आहे पण कापडाचं म्हटलं की काप्डाचं होतं. हे आजीचं आणि माझं सारखंच आहे, लिहिताना कुणीच दाखवत नाही.

गाय आणि गाळ साठी मी प्राट वापरलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं, जगभर आवाजाचा अभ्यास करणारे तेच वापरतात. आवाज टाकला की त्याचं चित्र येतं, आडवा वेळ, उभी कंपनांची संख्या, आणि जिथे जोर तिथे काळे पट्टे. आधी मी माझ्या आवाजात गाळ म्हणून बघितलं. आ चे पट्टे सरळ चाललेत आणि शेवटी ळ ला जीभ वळून वर लागते तिथे चित्र एकदम फिकं पडतं. पट्टे तुटल्यासारखे. मग माझी गाय. आ चे पट्टे चाललेत आणि खालून दुसरा पट्टा हळूहळू वर चढत जातो, कुठेही तुटत नाही, कारण य म्हणताना जीभ कशालाच टेकत नाही, नुसती टाळूकडे उचलली जाते. मग आजीचा गाळ टाकला. पट्टा वर चढला. तुटला नाही. आजीची गाय टाकली, पट्टा वर चढला. मी स्क्रीनवर दोन्ही वर खाली लावून बराच वेळ बघत बसले होते.

पण चित्रात सारखं दिसलं म्हणून डोक्यात सारखं असेल असं नाही, मॅडमचं म्हणणं असं. कदाचित आपल्याला न दिसणारा बारीक फरक असेल आणि आजीला तो कळत असेल. मग दुसऱ्या दिवशी आजीकडून दोन्ही शब्द दहा दहा वेळा म्हणून घेतले, नाल्यातला म्हण, आता गोठ्यातली म्हण, मग वीसच्या वीस तुकडे कापून मागेपुढे केले आणि तिलाच तिचा आवाज ऐकवला. सांग आता ही कोणती. आजीने अगदी मन लावून ऐकलं, डोळे मिटून. वीसपैकी अकरा बरोबर आले. म्हणजे छापा काटा केला असता तरी तेवढेच आले असते. तिच्या बोलण्यात ते दोन खण एक झालेत, आणि नुसता शब्द ऐकून तिलाही सांगता येत नाही, वाक्यात आला की सगळ्यांना येतं. माळ आणि माय चं पण तेच निघालं.

तेव्हा मला माझे चार पाळ आठवले, आणि आता मी मॅडमना ते सांगितलं. त्या म्हणाल्या याला अतिशुद्धीकरण म्हणतात, आणि नियम मनात असल्याशिवाय हे होऊच शकत नाही. माझ्या बोलीत पाळ मधला आणि पाय मधला शेवट एकच होता, त्यातल्या कुठल्याचा पुण्यात ळ होतो आणि कुठल्याचा य च राहतो हे आवाजावरून ठरवणं शक्यच नव्हतं, एकेक शब्द वेगळा पाठ करावा लागणार होता. नऊ वर्षांच्या मुलीने एक महिन्यात दुसऱ्या बोलीचा नियम शोधून काढला आणि तो सगळीकडे लावला. चूक ही होती की तो नियम सगळीकडे लागत नव्हता, आणि हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. मला त्या वेळी वर्गातच रडू आलं. ते मी लपवलं नाही.

ळ बद्दल मग मी जेवढं मिळेल तेवढं वाचलं. संस्कृतात फल, कमल, कज्जल, काल. मराठीत फळ, कमळ, काजळ, काळ. दोन स्वरांच्या मधला एकटा ल मराठीने वळवला आणि ळ केला. जिथे प्राकृतात जोड ल्ल होता तिथे मराठीत ल टिकला, गल्ल चा गाल झाला, गाळ नाही झाला. म्हणजे पुण्याचा फळ हाच मुळात बदललेला आवाज आहे. त्याच्या पुढची पायरी वऱ्हाडाने घेतली आणि फय केला. पहिली पायरी शुद्ध आणि दुसरी पायरी गावंढळ, हे जिभेने ठरवलेलं नाही, ते शाळा, छापखाने आणि कचेऱ्या कुठे होत्या त्यावरून ठरलं. आणि ज्या वऱ्हाडाला आज ळ येत नाही म्हणून हसतात त्याच वऱ्हाडातल्या रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, नावातच ळ. त्यांनी ते केलं पण कसं, तर चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं ऐकलं होतं अशा लोकांकडे जाऊन, विचारून, त्यांच्या आठवणी गोळा करून. मोबाईल सतरंजीवर ठेवून मी जे करत होते ते काम आमच्या जिल्ह्याशेजारी सातशे वर्षांपूर्वी झालेलं होतं, हे वाचून मला फार बळ आलं.

आवाज संपले की प्रोजेक्टचा दुसरा भाग होता शब्द फोडायचा. शब्दाचे असे तुकडे करत जायचे की प्रत्येक तुकड्याला काहीतरी अर्थ किंवा काम असेल आणि त्याच्यापुढे फोडलं तर नुसते आवाज उरतील. अशा लहानात लहान तुकड्याला रूपिम म्हणतात. घरासमोरच्याला हा शब्द घ्या. घर, मग आ, मग समोर, मग च, मग या, मग ला. यातला तो आ कुठल्याच अर्थाचा नाही वाटत, पण तो नसेल तर घरसमोर होतं आणि कानाला खटकतं. तेच सामान्यरूप, जे आपण शाळेत पाठ केलं आणि का ते विचारलं नाही. नाम एकटं असताना एक चेहरा आणि मागे काही लागणार असेल तर दुसरा चेहरा, माणूस पण माणसाला, पाणी पण पाण्यात, भिंत पण भिंतीवर.

आजीच्या वीस मिनिटांत असे शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहिले, एका चिठ्ठीवर एक, आणि जमिनीवर मांडत गेले. मले, तुले, त्याले, घराले, गाईले. ला ऐवजी ले, एवढंच, असं मला आधी वाटलं. मग अनेकवचनं मांडली आणि मी थांबले.

पोराले, पोराईले. पोराचं, पोराईचं. पोरानं, पोराईनं. पोरावर, पोराईवर. लोकाईले, बायाईले, मानसाईचं.

आता हेच पुण्याचं शेजारी ठेवलं. पोराला, पोरांना. पोराचं, पोरांचं. पोराने, पोरांनी. बघा काय होतंय. एकाहून जास्त म्हटल्यावर मधे एक नाकातला आवाज येतो, ठीक, पण तेवढ्याने भागत नाही, ला चा ना होतो, ने चा नी होतो. एकच गोष्ट दोन जागी सांगितली जाते, आणि पोरांना मध्ये तर तो मधला अनुस्वार पुढच्या न मध्येच जिरून जातो, ऐकू येतो की नाही अशी शंका. आजीकडे ई म्हणजे अनेक, आणि ले म्हणजे ला. ई कधीच बदलत नाही आणि ले पण बदलत नाही. एकेक तुकडा, एकेक काम, कुठेही लावा. परक्या माणसाला मराठी शिकवायची असेल तर आजीची विभक्ती पाच मिनिटांत शिकवता येईल, माझीला जास्त वेळ लागेल. मी हे चिठ्ठ्यांसकट फोटो काढून मॅडमना पाठवलं रात्री साडेअकराला, सकाळपर्यंत थांबवलं नाही.

एक ठिकाणी मात्र माझी फोड चुकली. डोयाले. घोडा चं घोड्याले होतं, तसं डोया चं डोय्याले व्हायला पाहिजे, म्हणजे एक य ळ चा आणि एक य सामान्यरूपाचा. पण रेकॉर्डिंगमध्ये एकच य ऐकू येतो. मी आधी लिहिलं की इथे सामान्यरूप होत नाही. मॅडमनी लाल पेनाने विचारलं, होत नाही की दिसत नाही? बाकी सगळी आ वाली नामं होतात, एकट्या डोयानेच का सूट घ्यावी. दोन य शेजारी आले आणि एकमेकात विरघळले, तुकडा आहे पण त्याला स्वतःचा आवाज उरला नाही. दगड एक आणि दगड दहा, यात अनेकवचनाचा तुकडा असून आवाज शून्य असतो तसं काहीसं. हे मला पचायला दोन दिवस लागले, पण पचल्यावर शब्दांकडे बघायची नजरच बदलली.

परके शब्द आजी कसे घेते यावर मी चार पानं लिहिली, मॅडम म्हणाल्या एक ठेवा, पण मला ते अजून पटलेलं नाही. आजी टेबलावर म्हणते, मी टेबलावर म्हणते, माझी भाची टेबलवर म्हणते. आजी मोबाईलात म्हणते, मी मोबाईलमध्ये. बँकेला मात्र आम्ही तिघी बँकेत जातो, आणि बसला तिघींपैकी कुणीच बसेत बसत नाही. म्हणजे शब्द किती जुना झाला आणि बोलणारा किती जुना, दोन्हीवर ठरतं की त्याला सामान्यरूपाचा आ, ए लागणार की नाही. आणि आजीची यष्टी! एस्टीची यष्टी ही लोक गावठीपणा म्हणून सांगतात. इंग्रजी टी आपण मूर्धन्य ट म्हणून ऐकतो, ट साठी जीभ वळलेली, तर तिच्या आधीचा स पण वळून ष होतो. पोस्टाचं पोष्ट, इस्टेटची इष्टेट. संस्कृतातला कष्ट, दुष्ट, नष्ट आठवा, ट च्या आधी तिथेही ष च आहे. आजीने संस्कृत कधी शिकलेलं नाही, जीभ शिकलेली आहे.

तुलना करायला म्हणून मी आजीला उधळ्या मुलाची, म्हणजे बापाचा पैसा उधळून परत येणाऱ्या धाकट्या पोराची, गोष्ट पण सांगायला लावली. जॉर्ज ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची जी पाहणी केली, १९०३ ते १९२८ मध्ये तिचे खंड निघाले, त्यात प्रत्येक बोलीत हीच एक बायबलातली गोष्ट सांगून घेतलेली आहे, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. मराठीचा सातवा खंड १९०५ चा, त्यात वऱ्हाडीचा नमुना आहे. आजीने गोष्ट ऐकली, पुन्हा सांगताना धाकट्या पोराला जनावरं राखायला नाही तर कापूस वेचायला पाठवलं, आणि बापाने शेवटी त्याला पुरणाची पोयी खाऊ घातली. मी काही बदललं नाही.

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात परत गेले होते, काही शब्द पक्के करायला. संध्याकाळी आजी देवाजवळ बसली हरिपाठ म्हणायला. मी मोबाईल बंदच केला होता, बाजूला बसून ऐकत होते. आणि तिच्या तोंडून स्वच्छ ळ आला. वळलेला, टेकलेला, माझ्या आरशासमोरच्या ळ पेक्षा चांगला. एकदा नाही, जिथे जिथे हरिपाठात आहे तिथे तिथे. हरिपाठ संपला, आजीने हात जोडले, आणि उठताना मला म्हणाली, "तुयशीले पानी टाकलं का वं?"

म्हणजे ळ तिच्या तोंडात आहे. पाठांतरातून आलेला, देवासमोर वापरायचा, आणि तुळशीला पाणी घालायच्या वाक्यात तो येत नाही. माझ्या प्रोजेक्टच्या पंधराव्या पानावर मी लिहिलं होतं की वक्त्याच्या बोलीत ळ हा आवाज नाही. ते पान रात्री परत लिहिलं. "रोजच्या बोलण्यात" हे दोन शब्द घातले, आणि खाली हरिपाठाचा परिच्छेद जोडला, रेकॉर्डिंग नाही, फक्त ऐकलेलं, असं स्पष्ट नमूद करून.

आजीला मी विचारलं की हरिपाठात ळ म्हणतेस आणि आता तुयस म्हणालीस, तुला कळतं का. तिने मला तुळस म्हणून दाखव म्हटलं. मी म्हटलं. मग तिने म्हणून बघितलं, तुयस, तुळस, तुयस, दोन तीन वेळा, जीभ कुठे जाते ते बघत, बोट गालाला लावून. "आईक," म्हणाली, "तुह्या मोबाईलात घे हे." मी मोबाईल शोधेपर्यंत ती आत निघून गेली होती, भाकरी टाकायला. आता उन्हाळ्यात जाणार आहे तेव्हा ते आधी घ्यायचंय, आणि मामाकडचं पण, तो दर्यापूरकडचा, त्याचा गाळ आणि गाय एकच आहेत का ते बघायचंय.